तात्यांचे विक्रीस काढलेले घर

घरोघरच्या उंबरठ्यावर उभा राहून राखण करणाऱ्या कृपाळू नारायणाला आधी नमन, आणि मग गप्पा!

फणसाखालचा पातेरा सकाळी झाडून काढावा, तर संध्याकाळी ढीग पुन्हा तयार. आमच्या आळीतील किश्शांचे तसेच आहे. रत्नागिरी शहराच्या कडेला आमची चार घरे. मध्ये नावापुरता चिऱ्यांचा गडगा. यंदा शिमगा आटोपला आणि शेजारच्या तात्यांनी जाहीर केले, "घर विकतो नि ठाण्याला मुलाकडे जातो!"

त्यांच्या पत्नी माई अंगणात गेल्या आणि अबोलीची नवी रोपे लावू लागल्या.

* * *

पहिले गिऱ्हाईक मोठी गाडी घेऊन आले. घर पाहिले, विहीर पाहिली, मान डोलावली. "फक्त हा हापूस तोडावा लागेल. गाडी आत येत नाही."

"कलम माझ्या वडिलांनी लावलंय," तात्या म्हणाले. "गाडी तोडा की! कालपरवाच घेतलेली दिसत्ये."

गिऱ्हाईक गेले. मी गडग्यावरून विचारले, "तात्या, विकायला काढलंत ना?"

"घर काढलंय. कलम नाही!"

* * *

नंतर आलेल्या बाईंना सगळेच पसंत पडले. देवघराच्या कोनाड्यापाशी थांबून त्या आनंदाने म्हणाल्या, "इथे फ्रिज अगदी फिट बसेल!"

तात्यांनी डोळे मिटले. "देवाला विचारून कळवतो."

उन्हाळा सरला, पावसाळाही सरला. देव अजून विचारात आहेत!

* * *

मग मुलाचा व्हिडिओ कॉल. "आई, ही बाल्कनी बघ! तुळस ठेवायला केवढी जागा आहे!"

"तुळस राहील रे राजा. पण तुझ्या बाबांना कुठे ठेवू? त्यांना दिवसभर वाद घालायला शेजारी लागतो."

"इथेही शेजारी आहेत, आई."

"असतील. पण दार उघडतात का?"

मुलाने घाईघाईने स्वयंपाकघर दाखवायला घेतले!

* * *

तरीही एक गिऱ्हाईक पक्के झाले. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते व्यवहार ठरवायला येणार होते. माईंचा चेहरा उतरला. नवऱ्याचा शब्द, मुलाचा आग्रह; त्या बोलणार कोणापाशी?

आमच्याकडे लग्न लागले, की वृंदावनापुढे गाऱ्हाणे घालतात. एकाने देवाकडे मागायचे आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचे. नारळ फुटला, की त्या शब्दातून कोणालाच मागे फिरता येत नाही. मागण्याचा मान माझा. तात्यांच्या अंगणात सारी आळी जमली. माझ्या हाती नारळ देताना माई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या घराचंही सांगा हो देवाला."

मी सुरुवात केली. "बा देवा महाराजा, पोराबाळांना विद्या दे!"

"व्हय महाराजा!"

"कलमांना भरपूर मोहर धरू दे!"

"व्हय महाराजा!"

"माईंच्या हातचा दिवा ह्याच वृंदावनात लागू दे!"

"व्हय महाराजा!"

"आणि हे घर विकायचं कोणाच्या मनात आलं असेल, तर त्याची बुद्धी फिरव!"

"व्हय महाराजा!"

सर्वांत खणखणीत आवाज तात्यांचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले!

त्यांनी डोळे उघडले, तोवर नारळ फुटला होता. खोबऱ्याचा पहिला तुकडा माईंनी त्यांच्याच तळहातावर ठेवला.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. घरोघरी सांजवात लागो, ताटात चार घास अधिक असोत, आणि दारी आलेला कोणीही विन्मुख न जावो.