डाव्या पट्ट्याचा स्क्रू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. तीन वर्षं झाली — तोंडाशी येतं आणि मी वरून चहाचा घोट घेऊन गिळून टाकतो. आता माझी मलाच किळस येते, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी निवृत्त शिक्षक. शास्त्र शिकवायचो. नगरला आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना एक खूळ आहे — रिमोटवर चालणारे छोटे रणगाडे. हसू नका, आमच्याकडे फौजेची रणगाड्यांची छावणी आहे, खरे रणगाडे बघतच माणसं म्हातारी होतात. आमच्यातले उस्ताद म्हणजे योसेफराव. शेवगावकडचे, आयुष्यभर फौजेत रणगाड्यांचे मेकॅनिक. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान — आपण लावलेला पट्टा चाकांवरून कधी उतरला नाही.

आता हा पट्टा म्हणजे रणगाड्याच्या चाकांभोवती फिरणारी दुव्यांची साखळी. मागच्या चाकाजवळ एक स्क्रू असतो. आवळला की पट्टा ताणतो, सोडला की सैल होतो. फार ताणला तर मोटर मरते, फार सैल राहिला तर वळताना पट्टा निसटतो. योसेफराव अंगठ्यानं दाबून बघायचे, बस्स. मी फूटपट्टी घेऊन मोजायचो आणि तरी माझा गाडा मैदानात कण्हत कण्हत बंद पडला. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, लई ताणताय. मशीन हाय ती, इद्यार्थी न्हाई." सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र जळून कोळसा झालो. एवढंसं बोलणं — त्यात कसला आला होता अपमान? पण झोंबलं ते झोंबलंच.

पुढच्या रविवारी त्यांचे फौजेतले जुने सोबती येणार होते. त्यांना दाखवायला योसेफरावांनी आठ महिने खपून एक गाडा उभा केला होता. पट्ट्याचा दुवा न् दुवा हातानं जोडलेला. मैदानावर तो माझ्या स्वाधीन करून ते पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले. आणि मी — शी! — खिशातून एलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली, काढली आणि डाव्या पट्ट्याचा स्क्रू दोन आटे सोडला.

खरा नीचपणा पुढेच आहे. त्यांची फौजेतली सवय अशी की जो चालवणार त्यानं पट्टा स्वतः दाबून बघायचा, दुसऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. त्याप्रमाणे ते वाकलेही. मी म्हणालो, "बघितलाय मी. एकदम बरोबर आहे." ते पट्टा न दाबताच सरळ उभे राहिले. सरांचा शब्द ना!

चढावर गाडा वळला आणि पट्टा मातीत गळून पडला. सोबत्यांपैकी एक जण उगाच मोबाईल बघायला लागला. योसेफराव खाली बसून आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून बघत होते. माझ्यावर संशय? छे! "तुमी बगितला तवा बरूबर हुता, म्हंजी इस्क्रू मीच पक्का बसवला न्हाई, चालताना सुटला," ते म्हणाले. "हात गेला माझा." तेव्हा तरी बोलायचं की नाही? नाही बोललो. मला बरं वाटत होतं. बरं! थू माझ्यावर.

त्यांनी हत्यारांचा डबा मला देऊन टाकला. मी घेतला. मग त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं. शेजाऱ्यांचे मिक्सर, पंखे दुरुस्त करून द्यायचे, ते बंद झालं. चर्चमध्ये इतकी वर्षं पेटी वाजवायचे — बोटं चुकतील म्हणून तीही सोडली. आता चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. आणि मी त्यांच्या हत्यारांनी लोकांचे पट्टे लावून देतो, शाबासकी घेतो.

मागच्या महिन्यात त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, हट्टानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. जवळचा मित्र म्हणून मलाही बरोबर घेतलं. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, हात ठणठणीत आहेत, काही झालेलं नाही. मार्थाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. योसेफरावांना मात्र पटेना. ते माझ्याकडे वळले.

"सर, तुमी हुता की तितं. सांगा यांना."

आणि मी सांगितलं. "हो डॉक्टर," मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांदेखत उतरला पट्टा."