घोडी बदलनी

लोणखेड्याच्या लोटन आप्पाला सिनेमाचं वेड होतं, आणि वेड असं की सिनेमा पाहून तो कधी खूश होऊन घरी आला नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत फिरत्या सिनेमावाल्या रतिलालचा तंबू लागला की आप्पा दमनीला बैल जुंपायचा, कौसाबाईला शेजारी बसवायचा आणि यात्रा उठेपर्यंत एकूणएक खेळ पाहायचा. परतताना बैलांना शिव्या कमी, सिनेमावाल्यांना जास्त. शेतकरी दाखवला तर त्याच्या धोतराला मातीचा ठिपका नाही. राणी विहिरीवर जाते, तर रिकामी घागर आणि भरलेली घागर एकाच डौलात उचलते. एकदा तर दुष्काळाच्या देखाव्यात मागे केळीची बाग डुलत होती. त्या बागेवर आप्पा शहाद्यापर्यंत बोलत राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. खोटं सांगता ना, मग निदान मेहनतीनं सांगा.

ही एकोणीसशे तीसच्या आगेमागेची गोष्ट. सिनेमा मुका होता. मध्येमध्ये पडद्यावर लिहिलेल्या पाट्या यायच्या आणि रतिलाल पडद्याशेजारी छडी घेऊन उभा राहून त्या वाचायचा. पाटीवर एक ओळ असली तर हा पाच सांगायचा, निम्म्या गुजरातीत, निम्म्या अहिराणीत. निमगुळहून आलेल्या एखाद्या म्हातारीलासुद्धा सगळं कळायचं.

त्या वर्षी मुख्य खेळाआधी रतिलालनं एक विलायती तुकडा दाखवला. एक साहेब कपाट उघडतो, तर आत नदी. साहेब आपल्याच बुटात बसून ती पार करतो. त्याची मिशी उडते आणि सासूच्या ओठावर जाऊन बसते. झाडं खाटा डोक्यावर घेऊन गावाबाहेर निघतात. लोक ओरडायला लागले, की ह्याला ना शेंडा ना बुडखा, बंद करा. सगळ्यांना वाटलं, आता आप्पाचा भडका उडणार. आप्पा मात्र मान पुढे काढून पाहत होता.

"तापमा असंच दिसस," तो कौसाबाईला म्हणाला. हिवतापात त्यानं स्वतः घराचे वासे उठून चालताना पाहिले होते. त्या साहेबानं कुठे म्हटलं होतं, की हे खरं आहे म्हणून? जो आधीच सांगतो मी बरळतोय, त्याच्याशी भांडण कसलं?

मग मुख्य खेळ सुरू झाला आणि आप्पा गुडघ्यावर उठून बसला. कारण ह्या खेळात त्याची घोडी होती.

काजळी. अंगभर काळी, फक्त मागचा डावा पाय गाठीपर्यंत पांढरा. आप्पाच्या दारातच जन्मली होती. आदल्या वर्षीच्या यात्रेत नवलसिंग नावाचा घोड्यांचा व्यापारी मुंबईच्या एका सिनेमा कंपनीसाठी खरेदी करत फिरत होता. आप्पानं काजळीसाठी भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं, पण 'पडद्यावर दिसेल' हे शब्द ऐकले आणि गडी विरघळला. कौसाबाई दोन दिवस जेवली नाही. आप्पानं एकच अट घातली. मागचा डावा पाय शिंगरू असताना दुखावलेला आहे, घोडी हवी तेवढी पळवा, पण उडी मारायला लावू नका. नवलसिंगनं दत्ताच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून कबूल केलं.

आता तीच काजळी सरदाराला पाठीवर घेऊन पडद्यावर उधळत होती. आप्पानं पुढच्याला सांगितलं, मागच्याला सांगितलं, ही मन्ही घोडी शे. मागे शत्रू लागला. समोर खोल नाला. सरदारानं टाच मारली.

काजळी उडाली. पुढचे पाय पलीकडे टेकले, मागचा डावा दुमडला आणि ती सरदारासकट उलटी होऊन नाल्यात गेली. धूळच धूळ. लगेच पाटी आली. रतिलालनं छडी उंचावून सांगितलं, की शाब्बास, इमानी जनावर पुन्हा उभं राहिलं. धुळीतून काळी घोडी निघाली, वर सरदार. तंबूत टाळ्यांचा पाऊस पडला.

ह्या घोडीचा पांढरा पाय उजवा होता.

"घोडी बदलनी!" आप्पा उभा राहून ओरडला. मागच्यांनी त्याला धोतर धरून खाली बसवलं.

खेळ सुटल्यावर त्यानं रतिलालला गाठलं. रतिलाल धंद्यात मुरलेला माणूस. त्यानं शांतपणे समजावलं, की सिनेमाची पट्टी यंत्रात कधीकधी उलटी लागते, मग डाव्याचं उजवं दिसतं, त्यात एवढं काय.

"पट्टी उलटी व्हती ना?" आप्पा म्हणाला. "मंग सरदारनी तलवार डावीकडेच कशी ऱ्हायनी?"

रतिलाल डबे आवरायला लागला.

सकाळी घोडेबाजारात आप्पानं नवलसिंगला शोधून काढलं. तो आधी एका तट्टाचे दात पाहत राहिला, मग दुसऱ्याचे. तिसरं जनावर राहिलं नाही तेव्हा बोलला. "आप्पा, पाय मोडना व्हता. गोळी घालनी पडनी." कंपनीनं दुपारपर्यंत दुसरी काळी घोडी आणली. पांढरा पाय रंगवायच्या घाईत चुना भलत्याच पायाला लावला. अट त्यानं कंपनीला सांगितली होती का, असं आप्पानं विचारलं. नवलसिंग म्हणाला, मोठ्या लोकांत आपलं कोण ऐकतं.

म्हणजे सांगितलीच नव्हती.

दमनीपाशी कौसाबाई भाकरी बांधत होती. आप्पा तिच्यापुढे कंपनीवर तोंडसुख घेऊ लागला. तिनं फडक्याची गाठ आवळली. "घोडी दिधी तव्हय मी नको म्हने, तव्हय ऐकं नही. आते पडदाले काय इचारी ऱ्हायनात?"

हे त्याला लागलं, कारण खरं होतं. पण त्यानं राग कमी व्हायचा तो वाढला. जनावर मरतं, घोडेवाल्याच्या दारात हे नवं नाही. पण मेलेल्या घोडीच्या जागी दुसरी उभी करायची आणि वरून शाब्बास म्हणायचं? तो पुन्हा रतिलालकडे गेला.

"इतल्या पाट्या लिखतस," तो म्हणाला. "आठे घोडी मरनी, इतली एक पाटी लिखता उनी नही? तू तरी सांग. तुन्ही छडी शे ना."

रतिलालनं हात जोडले. लोक टाळ्या वाजवायला येतात, सुतक धरायला नाही. पण आप्पाचं मन राखायला म्हणून एक करतो, दुपारी तंबू रिकामा असताना यंत्राचं हँडल उलटं फिरवतो. घोडी नाल्यातून उठून उलट्या पावली काठावर येईल, अगदी धडधाकट. एकट्या आप्पासाठी.

आप्पानं त्याचे जोडलेले हात खाली केले. "मी काय तापमा शे का रे, रतिलाल?"

त्यानंतरच्या दोन दिवसांत जेवढे खेळ झाले, तेवढ्यांत आप्पा होता. घोडी धुळीत गेली की उठायचा आणि गावदवंडीच्या आवाजात सांगायचा, आठे घोडी मरनी, आते उठनी ती दुसरी शे. पहिल्यांदा लोकांनी शेंगांची टरफलं मारली. मग घोडेवाले मुद्दाम पाय बघायला येऊ लागले. बघितलं की तेही टाळी वाजवायचे विसरायचे. पुढे कोणीच वाजवेना.

तिसऱ्या दिवशी रतिलालनं तो तुकडाच कापला. नाला आला, पडदा एकदा हिसकला आणि सरदार पलीकडे, पांढऱ्या उजव्या पायाच्या घोडीवर. पडणं नाही, धूळ नाही. आप्पा उठून उभा राहिला, पण बोट कशाकडे दाखवणार? लोक खो खो हसले.

"पहिले मारी टाकी," तो तंबूच्या मागे रतिलालला म्हणाला, "आते पुशी टाकी. तो तुकडा आन."

रतिलालनं डबा उघडून हातभर पट्टी त्याच्या अंगावर टाकली. ब्याद टळली तर बरं, असं त्याला वाटलं.

यात्रेचे अजून पाच दिवस बाकी होते. नवलसिंग कंपनीसाठी आणखी चार घोडे शोधत होता. सकाळी ऊन चढलं की आप्पा घोडेबाजारात जाऊन उभा राही. नवलसिंग ज्या दावणीशी थांबला, तिथे हा दहा मिनिटांनी हजर. मालकाला बोलवायचं, पट्टी उन्हात धरायची आणि नखाएवढ्या चित्रांवर बोट ठेवायचं. हे पाय टेकले. हा डावा दुमडला. ही गेली. पुढे बोलायचा नाही. घोडेवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. मालक पट्टी दोनदा बघायचा, आपल्या जनावराच्या मानेवर हात ठेवायचा आणि नवलसिंगला म्हणायचा, इकानं नही.

त्यातल्या चौथ्या दिवशी रिकामे दोर खांद्यावर टाकून नवलसिंग त्याच्यापाशी आला. म्हणाला, आप्पा, झालं ते झालं, पण माझा बाजार बिघाडू नका.

आप्पानं पट्टी खाली घेतली नाही. तिच्यातून येणाऱ्या उन्हाकडे एक डोळा मिटून बघतच होता.

"मी कोठे बिघाडी ऱ्हायनू," तो म्हणाला. "मी त घोडी दखाडी ऱ्हायनू."