निम्मंच तापमान दाखवणारं मीटर

चंद्रा भालेरावचा बाप जानू भिवंडीत लूमवर कामाला होता. दहावीनंतर तिने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी. काल्हेरच्या मनोज पाटलांच्या वर्कशॉपात ती लागली सोल्डरिंगला. पण सोल्डर मारून सर्किटचं कार्ड पुढे सरकवण्यावर तिचं समाधान होईना. चिपा एकमेकींशी काय बोलतात, हे तिला कळायलाच हवं होतं. मनोजशेठनी तारांवरचे सिग्नल रेघांत दाखवणारा जुना लॉजिक ॲनालायझर तिच्या टेबलावर ठेवला आणि सहा वर्षांत ते टेबल तिचंच झालं.

यंदा मार्चात वळ गावच्या एका औषधांच्या गोदामातून फोन आला. शीतखोलीचं पॅनेल दीड अंश दाखवत होतं. दोनच्या खाली गेलं की इन्सुलिन बाद धरतात. गोदामाचे मॅनेजर चांगदेव म्हात्रे घायकुतीला आले होते.

"अख्ख्या खोलीतला माल फेकायला सांगतील मला!"

मनोजशेठबरोबर आलेल्या चंद्राने आपला थर्मामीटर आत ठेवला. पारा तीनवर थांबला. मग तिने दार थोडा वेळ उघडं ठेवायला लावलं. थर्मामीटर पाचवर गेला, पॅनेल अडीचवर.

"साहेब, खोली ठीक हाय," ती म्हणाली. "मीटर बरोबर निम्मं सांगतंय. खराब झालेली चिप असा नेमका हिशेब न्हाय करत. सेन्सर बदललाय का?"

मनोजशेठ ओशाळले. "परवाच. जुना मिळेना, म्हणून मीच दुसऱ्या बनावटीचा बसवला."

तापमान मोजणारा सेन्सर आणि ते वाचणारी पॅनेलमधली चिप, म्हणजे कंट्रोलर, यांचं बोलणं चार तारांवर चालतं, त्याला एसपीआय म्हणतात. एका तारेवर कंट्रोलर ठोके देतो आणि दर ठोक्याला सेन्सर एक अंक पुढे करतो, शून्य किंवा एक. चंद्राने तारांना क्लिपा लावल्या आणि लॅपटॉपवर रेघा उमटल्या. नवा सेन्सर ठोका चढला की अंक ठेवत होता, आणि कंट्रोलर नेमक्या त्याच क्षणी वाचत होता. अंक पोचायच्या आतच. पहिलं घर रिकामं जायचं, बाकीचे सगळे अंक एकेक घर मागे पडायचे. आपल्या नेहमीच्या गणितात एक घर मागे म्हणजे दहावा हिस्सा, शून्य-एकच्या गणितात निम्मं.

तिने प्रोग्राममधलं एकच सेटिंग बदललं. ठोका चढताना नको, उतरताना वाच. कार्ड पुन्हा सुरू केलं.

पॅनेलवर पाच उमटले. थर्मामीटरवरही पाच.

म्हात्रेंनी तिथेच खुर्ची ओढली. मग हेड ऑफिसला फोन लावला. "माल शाबूत हाय. एक बाटली टाकायची न्हाय." फोन ठेवून त्यांनी रिपोर्टचा कागद पुढे घेतला.

"इंजिनिअरचं नाव काय लिहू, शेठ?"

मनोजशेठनी चंद्राकडे बोट केलं. "त्यांनाच विचारा."

आजवर रिपोर्टावर वर्कशॉपचा शिक्का जायचा, माणसाचं नाव नाही.

"चंद्रा जानू भालेराव," ती म्हणाली. "मधलं नाव गाळू नका."

संध्याकाळी जानूने चष्मा लावून मोबाइलवरचा रिपोर्टाचा फोटो वाचला. बोटाने मोठा करून पुन्हा वाचला. मग शेजारच्या गुणाबाईंना हाक मारली आणि वाचायला दिला. त्यांचं वाचून होईपर्यंत तो दारात ताठ उभा होता.