छुकछुक की भकभक

माझ्या वडिलांचा विजेच्या गाडीवर राग आहे. त्यांच्या मते ती गाडीच नव्हे, चाकं लावलेलं कपाट. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, पण जीव अडकलाय तो लहानपणीच्या कोळशाच्या इंजिनात. "पांढरा सदरा घालून निघायचं आणि काळा होऊन पोचायचं, त्याला प्रवास म्हणतात," असं ते सांगतात. तो सदरा धुवायचं कोण, हे सांगत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलतबहिणीचा मनमाडला साखरपुडा होता. घरातले थोरले म्हणून मुलीच्या बाजूने चार शब्द बोलायचं काम बाबांकडे आलं. भाऊ कार काढायला तयार होता, पण बाबा हटून बसले. मग आई, बाबा आणि मी नाशिकरोडला पॅसेंजरमध्ये चढलो.

गाडी सुटताच बाबांनी खिडकीच्या गजांना नाक लावलं. जरा वेळाने ओरडले, "गेला! डोळ्यात गेला! कोळशाचा कण!" चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद.

"अहो, वर तार आहे. कोळसा कुठून येणार?" असं म्हणत आईने पदराचा बोळा केला, त्यावर फुंकर मारली आणि डोळ्यावर दाबला. मग पापणी उघडून पाहिलं, तर झेंडूच्या पाकळीचा तुकडा. समोर फुलांची पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "माझाच हाय. ऱ्हाऊ द्या तुमाला."

सगळे हसले. शेजारी मालेगावचे एक चाचा होते. तेही कोळशाच्या गाडीचेच भक्त निघाले. दोघांची गट्टी जमली आणि निफाड यायच्या आत भांडणही झालं. चाचा म्हणाले, इंजिन छुकछुक करायचं. बाबा म्हणाले, "छे! भकभक!"

"अरे भाई, छुकछुक. मैंने खुद सुना है."

"मी काय बहिरा होतो?"

निफाडला गाडी थांबली ती थांबलीच. मागून एक्स्प्रेस यायची होती. तेवढ्यात दोघांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. चाचा हात फिरवत छुकछुक, बाबा गाल फुगवून भकभक. डब्यात दोन तट पडले. शेवटी आई वैतागून म्हणाली, "चढावर भकभक, उतारावर छुकछुक. आता गप्प बसा." पण गप्प कोण बसतंय? निवाडा मिळाल्यावर दोघांनी मिळून इंजिन चालवायला घेतलं आणि आख्ख्या डब्यातली माणसं एकमेकांचे खांदे धरून मागचे डबे झाली. फुलवाली बाई तर काय शिट्टी मारायची! एक्स्प्रेस धडधडत निघून गेली, थोड्या वेळाने आमची गाडी हलली आणि बाबा मला म्हणाले, "बघ. ढकलल्याशिवाय हलते का ही?"

मनमाडपर्यंत ही भकभक चालली. उतरल्यावर चाचांनी बाबांना मिठी मारली. बाबा काहीतरी बोलायला गेले, तर आवाजच नाही. फुस्स!

साखरपुड्यात चार शब्द बोलायची वेळ आली. बाबा उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले, मान हलवली आणि बसले. मांडवातल्या चारदोघांनीही हात जोडले. नवऱ्यामुलाच्या आजींनी तर डोळ्यांना पदर लावला. निघताना त्या आईला म्हणाल्या, "तुमचे यजमान किती हो धीरगंभीर! उगाच एक शब्द नाही."

आईने तोंडात पेढा कोंबला आणि मान डोलावली.