धुळाबाचा नेम

धुळाबाला अक्षर आलं ते चाळिशी उलटल्यावर. येशूच्या मंडळीत आला, सोलापुरात मिशनच्या मास्तराकडं बाराखडी घोटली, आन् बायबल पैल्या पानापास्नं वाचाय बसला. लोकं म्हणली, येड्या, येशूची गोष्ट मागं हाय, तिकडनं लाग. ऐकतोय कशाला. पाळकांचा निम्मा उपदेश त्येच्या डोक्यावरनं जायाचा, पण मोशेचं नियमशास्त्र लागलं आन् गडी हरखला. कुटलं मेंढरू चालतं, कुटलं खोडीचं, चरबी कुटं, काळीज कुटं, समदं लिवलेलं. मेंढरातलं एवढं कळतंय म्हंजे ह्यो देव आपल्यातलाच. तितंच हुतं, जीव रक्तात असतो, रक्त खाऊ नका. हे त्येला कुणी पटवाय नको हुतं. लांडग्यानं फाडलेली कोकरं त्येनं मांडीवर घेतलेली. रगात गेलं की जीव गेला. त्या दिसापास्नं रक्ती बंद.

आता धनगराच्या दारात बकरं पडलं आन् रक्ती न्हाय, असं कधी झालंय का? कांदा-मिरचीत परतलेलं रगात, पावण्याला पैलं तेच वाढायचं.

एकोणीसशे अठ्ठावीस साली लेकीचं, मायाक्काचं, लगीन मंडळीच्या देवळात लागलं. दुसऱ्या दिशी व्याह्यानं, बाळासोनं, जेवण घातलं. त्यो बी धनगर, मंडळीतलाच, गिरणीत कामाला. चाळीपुढं पंगत बसली. धुळाबापुढं रक्तीची वाटी आली, ती त्येनं बाजूला सारली.

"का ओ व्याही, आमच्या घरचं चालंना व्हय?" बाळासो म्हणला.

"नेम हाय माजा. शास्त्रात न्हाय म्हटलंय."

"कुटल्या, यहुद्यांच्या? बिरोबाचं उपास सुटलं न्हाईत तवर दुसरं जू घेतलं की मानंवर."

पंगत हसली. मायाक्काचं तोंड उतरलं. सासरचा पैला दिवस, आन् बापानं वाटी सारली. उद्यापास्नं टोमणं तिलाच ऐकायचं हुतं.

शेजारी बसलेलं पाळक हळू म्हणलं, "धुळाबा, खाण्यानं कुणी देवाजवळ जात नाही, असं पौलानं लिहिलंय. आपण आता नियमशास्त्राखाली नाही."

"व्हय सायेब. पण प्रेषितांच्या कृत्यांत, पंधराव्या अध्यायात, रक्त वर्ज्य करा म्हणून येशूच्याच माणसांनी लिवून धाडलंय. ते कुणाला? आमच्यासारख्या, यहुदी नसलेल्या, भाईरनं आलेल्यांनाच की."

पाळकांनी भाकरीचा घास घेतला.

बाळासोचा आवाज चढला. "म्हंजे आमी समदी पापी. आन् तुमची लेक हितं रक्ती रांधणार, ती बी?"

धुळाबानं मायाक्काकडं बघितलं. तिचं डोळं भरलेलं. तसा त्यो उठला. पंगतीतनं पोरीच्या बापानं उठायचं म्हंजे नातंच तुटल्यागत. समद्यांचं हात ताटात थांबलं. पण गडी चुलीकडं गेला, रक्तीचं पातेलं उचललं, आन् बाळासोपास्नं वाढत निघाला. एकेकाला इचारून, आग्रव करून, पंगतभर वाढलं. पातेलं मायाक्कापाशी आणून ठिवलं.

"सासूनं सांगितलं की रांधायचं. खायाचं का न्हाय, तुजं तू ठरीव. नेम मी घेतलाय, पोरी. तुज्या गळ्यात बांधाय येशूनं मला सांगितलेलं न्हाय."

बाळासोची बायको गोजाबाई पुढं आली. "आन् तुमी काय कोरडी भाकर चावणार?"

"कोरडी का इहीणबाई? मटणाला कुटं न्हाय म्हटलंय."

बाळासोला हसू आवरलं न्हाय. "घाला त्यास्नी. नळी बघून घाला."

मायाक्का डोळं पुसत उठली आन् बापाला तिनंच वाढलं.