कुंकू लावलेली चाकं

शेजारच्या दत्तूभाऊ सुतारांच्या दुकानात आज पुन्हा करवतीचं मशीन सुरू होणार होतं. मागे एकदा फिरत्या पात्याने फळी उलटी फेकली, ती त्यांच्या बरगडीत बसली, तेव्हापासून दुकान बंदच होतं. आता मशीनच्या ज्या पट्टीला टेकवून फळी सरकवतात, तिच्यावर ते रबराची दोन चाकं बसवत होते, फळीला वरून दाबून धरणारी.

"अहो, तिरकी बसलीत की!" त्यांची बायको, सुमनवहिनी म्हणाली.

"तशीच हवीत. फळी पट्टीला चिकटून राहते. आता उलटं फिरवून बघ."

वहिनीने बोटाने जोर लावला. चाक मागे हलेना.

दारात उभ्या उभ्या मला वाटलं, धीर म्हणतात तो असाच असणार. पाठीवर हलका हात. पुढे जाऊ देईल, मागे फिरू देणार नाही.

वहिनीने चक्क त्या चाकांनाच हळदकुंकू लावलं.

"अगं, चाकांना कशाला? फळीला लागेल ना!"

"लागू दे."

मशीन घरघरलं. वहिनीने डोळे गच्च मिटले. फळी सरकत गेली आणि तिच्यावर कुंकवाचे ठसे उमटत गेले, उंबरठा ओलांडून घरात येणाऱ्या पावलांसारखे.