मोजणीबाहेरचं पदक

"डोळा मिटला की मार बसतो," असं बुद्धप्रिया सारखी म्हणायची. बेसबॉलमध्ये ती कॅचर. बॅट फिरवणारीच्या मागं उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी चढवायची आणि समोरून येणारा चेंडू हातमोज्यात घ्यायचा. नाकासमोर बॅट फिरली की माणसाचा डोळा आपोआप मिटतो, आणि तेवढ्यात चेंडू गळ्याशी येतो. मुदखेडजवळच्या तिच्या गावात पोरी आता विहिरीत उडी मारतानाही हेच म्हणत.

गाव आधी हसलं होतं. "ना क्रिकेट, ना विटीदांडू, हे कोणतं बेणं हाय?" पण मागल्या साली परदेशात पुष्कळ देशांचे आणि पुष्कळ खेळांचे मोठे सामने भरले. त्यात बेसबॉल होता, पण प्रदर्शनी खेळ म्हणून. मैदान खरं, घाम खरा, गळ्यात पडलं ते पदकही खरं. मात्र कोणत्या देशाला किती पदकं मिळाली, त्या मोजणीत ते धरायचं नव्हतं. लोकांना खेळ रुचतो का, एवढं बघण्यापुरता तो ठेवलेला. आपल्या देशाच्या पोरींनी कांस्य आणलं, त्यात बुद्धप्रियाही होती.

गावानं तिला विहारापासून पारापर्यंत जीपमधून मिरवली. पारावर माईक हातात आला तेव्हा ती म्हणाली, "माझं पदक मोजणीत न्हाई. खेळ निस्ता दाखवायला ठेवला व्हता."

"बघा, लेकराला गर्व म्हणून न्हाई!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला. तिनं पुन्हा तोंड उघडलं. तोवर हार नाकापर्यंत आले होते आणि डीजे सुरू झाला होता. तिनं माईक खाली ठेवला.

त्याच दिवशी किशनरावाच्या घरी मुरूडचे पाहुणे सुपारी फोडायला आले होते. किशनराव हळदीचा बागायतदार, शब्दाचा कडक. त्याची लेक आरती बुद्धप्रियाच्या हाताखाली खेळ शिकत होती. चेंडू असा टाकायची की हवेत शीळ वाजावी. पारावरून गुलालानं माखून आलेल्या किशनरावानं ओसरीत पाय ठेवला, सुपारीचं ताट उचललं आणि चारचौघांदेखत पाहुण्यांच्या हाती परत दिलं. "आमची पोर बी पदक आणंल, साहेबीण व्हईल. सोयरीक मग बघू." आमच्याकडे परत फिरवलेल्या ताटाला पुन्हा तोच उंबरा दिसत नाही.

तेव्हापासून त्या घरात बुद्धप्रियाला चहा घरातल्या कपात येऊ लागला. आधी तिचा कप ओसरीच्या कोनाड्यात पालथा असायचा.

मग ती नोकरीचं विचारायला लातूरच्या कचेरीत गेली. साहेब गोड बोलला. पाणी दिलं, पदक हातात घेऊन बघितलं. म्हणाला, "बेटा, हा प्रदर्शनी खेळ होता. खेळाडूंच्या राखीव जागेला हे चालत नाही."

परतीच्या एसटीत तिला आपली नोकरी आठवली नाही. ते ताट आठवत राहिलं.

तिचा बाप व्यंकटी म्हणाला, "गप ऱ्हा. सांगून काय भेटणार हाय? लोकं इसरून जातील."

"लोकं इसरतील, दादा. पर आरती नोकरीच्या आशेवर खेळून राहिली."

"आन तू सांगितल्यावर? खेळ बंद व्हईल तिचा."

"हाव," ती म्हणाली. "व्हईल."

सकाळी ती खेळाची पिशवी घेऊन किशनरावाच्या ओसरीत जाऊन बसली. आरतीची आई तारामती चहा घेऊन बाहेर आली.

"काकू, आधी ऐका. चहा मग."

तिनं सगळं सांगितलं, लातूरच्या साहेबासकट. किशनराव पायातल्या वहाणेकडं बघत होता.

"म्हंजे पारावर तू आमाला फसवलं."

"सांगितलं व्हतं, काका."

"एकदा!" किशनराव कडाडला. "आमी डीजेपुढं नाचून राहिलो व्हतो. दहादा सांगायचं व्हतं. आता मुरूडला कोणतं तोंड दाखवू?"

बुद्धप्रियाची मान खाली गेली. एकदाच सांगितलं होतं, हे खरंच होतं.

"काका, आरतीच्या हातात खेळ हाय. दुसऱ्या, मोजणीतल्या सामन्यांची पदकं नोकरीला चालतात. पण मिळंलच, असं मी छाती ठोकून न्हाई सांगू शकत. माझ्याकडं बघून तिचं ठरवू नका."

आरती चौकटीत येऊन उभी होती. "बाबा, मी नोकरीसाठी न्हाई खेळत."

"मग कशासाठी? दाखवायला?"

किशनराव उठला. खुंटीवरचा चामडी मोजा काढून त्यानं बुद्धप्रियाच्या मांडीवर टाकला. "तुमच्या संघाचा हाय. घेऊन जा."

मोजा आतून अजून ओलसर होता, म्हणजे आरती पहाटे खेळून आली होती. बुद्धप्रियानं आरतीकडं बघितलं. आरतीनं डोळे गच्च मिटले होते. रोजचं ते वाक्य बुद्धप्रियाच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तिनं मोजा पिशवीत घातला आणि ती उठली.

"येते, काकू."

चहाचं कुणी विचारलं नाही. किशनराव पाठमोरा होऊन मुरूडचा नंबर शोधत होता आणि सापडलेला नंबर लावत नव्हता. आरती आत गेली.

बुद्धप्रिया हळदीच्या कडेची पायवाट धरून चालू लागली, पिशवीतली लोखंडी जाळी पावलागणिक वाजत होती. ओसरीच्या कडेला तारामती घरातला तो भरला कप हातात धरून उभी होती. चहावर साय धरली. पोर वळणाआड गेली, जाळीचा आवाजही गेला, तरी तिनं तो कप ना आत नेला, ना कोनाड्यात ठेवला.